लाइट आली

सोमवार, ९ जुलै २०१८, रात्री ९ : ४६ तास बाकी

शनिवारी धरलेला पाऊस सोमवारी रात्रीही सुटायचं नाव घेत नव्हता. नंदाखालच्या आमच्या घराशेजारचं बावखल काठोकाठ भरलं होतं आणि त्याचं पाणी केळीच्या वाफ्यांतून अंगणाकडे निघालं होतं. वसईच्या पश्चिम पट्ट्यात बावखल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी एवढंच, की वाडीच्या कडेला जुन्या लोकांनी खणलेलं हे गोड्या पाण्याचं खोलगट तळं. पावसाळ्यात गावचं पाणी पोटात घ्यायचं आणि उन्हाळ्यात विहिरींना पुरवायचं, हे त्याचं काम. त्यांतली कितीतरी भराव घालून बुजवली गेली. उरलेल्यांनी त्या रात्री जमेल तेवढं पाणी घेतलं आणि मग हात वर केले.

पुढच्या खोलीत मात्र सगळं आलबेल होतं. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि तेवढ्याच उंचीच्या काचेच्या टाकीत सव्वादोनशे लिटर खारं पाणी एका लयीत फिरत होतं. आत दोन क्लाउनफिश (गावातल्या पोरांच्या लेखी ‘निमो’), एक निळाजर्द डॅमसेल, दिवसभर वाळू चाळत बसणारा एक गोबी, शंखात राहणारे दोन खेकडे आणि कुर्ल्याच्या बाजारातून आणलेला एक टँग. टँगला पोहायला भरपूर जागा लागते. त्याला चार फुटांत कोंडणं मला पहिल्यापासून पटलं नव्हतं. पण टँक पुतण्याचा, पैसे त्याचे, आणि दोन्हींचा हिशोब विचारायचा नाही असा आमच्या घरातला अलिखित करार. तो त्या रात्री घरी नव्हता. अंधेरीहून निघाला तेव्हाच गाड्या रखडत होत्या. बोरिवलीला मित्राकडे राहतो, असा त्याचा फोन आला.

टँक सेकंड हँड. बोरिवलीतलं एक कुटुंब परदेशी चाललं होतं, त्यांनी तो स्वस्तात काढला. मार्चमध्ये टेम्पोतून तो आमच्या अंगणात उतरला तेव्हा त्याला टँक म्हणणं धाडसाचंच होतं. काचांवर जांभळट, खरबरीत थर. कोपऱ्यांत मिठाचे पोपडे. पंपाच्या पोटात मीठ साचून पातं घट्ट बसलेलं. खालच्या लोखंडी स्टँडला गंज. आधीच्या मालकानं माशांना पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध दिल्याचं बोलता बोलता सांगितलं होतं, आणि पुतण्याची झोप उडाली ती तेव्हापासून. मासा सोसू शकतो एवढं तांबं खेकड्या-शंखांना मारायला पुरेसं असतं. शिवाय ते सांध्यांच्या सिलिकॉनमध्ये, जुन्या दगडांत मुरून राहतं आणि सावकाश सुटत राहतं. माझ्या आईला हे एका वाक्यात समजलं. पानवेलीवर मोरचूद आणि चुना फवारणाऱ्या घरात ती सून म्हणून आली. मोरचुदाचं पिंप धुतलेलं पाणी बावखलात जाऊ द्यायचं नाही, हे तिला सासूनं पहिल्या पावसाळ्यातच बजावलेलं.

जुने दगड फेकले. सांध्यांतलं सगळं सिलिकॉन ब्लेडनं खरवडून काढलं, काचा व्हिनेगरनं धुतल्या, स्पिरिटनं पुसल्या आणि नवं सिलिकॉन भरलं. हे काम बघायला सोपं वाटतं. नळीचं तोंड कोपऱ्यात टेकवायचं, एका दमात ओढायचं आणि बोटानं दाबत शेवटपर्यंत जायचं. मध्ये हात थांबला की तिथे गाठ, गाठीत हवा आणि त्या हवेतून पुढे गळती. मग आठवडाभर त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. आंबूस वास यायचा थांबला की ते वाळलं. नंतर टाकी ओट्यावर ठेवून साध्या पाण्यानं भरली आणि खाली वर्तमानपत्रं अंथरली. कागद कोरडे राहिले तेव्हाच ती घरात आली.

पाण्याचं प्रकरण आणखी लांबलं. राजोडीचा समुद्र सायकलवर जाण्याइतका जवळ, आणि हा पोरगा समुद्राचं मीठ बादलीनं विकत आणतो, यावर गावात बरीच करमणूक झाली. “वसईत मीठ कमी पडलं काय रे?” हा प्रश्न तर प्रत्येकाचा. त्याचं उत्तर मिठागरातच आहे. मिठागरात पिकतं ते बहुतांशी सोडियम क्लोराइड. मॅग्नेशियम, पोटॅशियम वगैरे मागे उरलेल्या कडवट पाण्यासोबत निघून जातं. समुद्राचा जीव जगवायचा तर तो सगळा ऐवज लागतो, लिटरला ३५ ग्रॅम या प्रमाणात. आणि किनाऱ्याचं पाणी म्हणाल, तर अर्नाळ्याला वैतरणा समुद्राला मिळते. पावसाळ्यात त्या पट्ट्यातलं पाणी गढूळ आणि अर्धवट गोडं असतं.

खारं पाणी भरल्यावरही महिना-दीड महिना टँक नुसता चालत होता. आई रोज सकाळी त्यासमोर उभी राहायची.

“मासे कुठायत?”

“आधी बॅक्टेरिया, आजी.”

तो खरं बोलत होता. माशाच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्रेट. पहिली दोन विषं, तिसरं त्या मानानं निरुपद्रवी. हे जिवाणू आपोआप जमतात, पण सवडीनं, आणि ते राहतात फिल्टरमधल्या स्पंजात आणि चिनी मातीच्या कड्यांत. आमच्या टँकचा फिल्टर खालच्या कपाटात होता, घट्ट झाकणाचा काळा डबा. एका नळीनं पाणी आत, दुसरीनं बाहेर. पोवळी नव्हती. भारतात २००१ पासून दगडी प्रवाळ वाघाच्या पंक्तीला, वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. विकणारे तरीही भेटतात. पुतण्यानं त्या वाटेला न जाता चुनखडीचे कोरडे दगड रचले.

मे संपता संपता मासे आले. नंतरचे पाचेक आठवडे ते त्या घरातले सर्वात सुखी जीव होते.

मंगळवार, १० जुलै, पहाटे ५:२० : ३७ तास बाकी

आवाज थांबल्यानं जाग आली. पंखा थांबला, फ्रिज थांबला आणि पुढच्या खोलीतली ती बारीक घरघर थांबली. बाहेर पावसाशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

खाऱ्या पाण्याचा टँक लाइट गेल्यावर उपाशी मरत नाही, थंडीनंही मरत नाही, निदान आपल्याकडे जुलैत तरी नाही. तो गुदमरतो. २८ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसहा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. गोड्या पाण्यात पावणेआठ. मीठ असलं की वायूला जागा कमी. आमच्या अख्ख्या टँकमध्ये मिळून दीड ग्रॅम. आपल्या एका लिटर हवेत तेवढ्याच खाऱ्या पाण्याच्या चाळीस पट प्राणवायू असतो, म्हणून श्वास ही मोजायची गोष्ट आहे हे आपल्या ध्यानातच येत नाही. माशांना ते दीड ग्रॅम सतत भरून मिळावं लागतं, आणि ते भरतं फक्त पृष्ठभाग हलता राहिला तर. समुद्रावर ते काम वारा आणि लाटा करतात. आमच्याकडे ते वीस वॉटचा पॉवरहेड, म्हणजे पाणी ढवळणारा छोटा पंप, करत होता.

सकाळी ६:०५ : ३६ तास ४० मिनिटं बाकी

पुतण्याला फोन लागला. तो जागाच होता. आवाजात झोप नव्हती, घाई होती.

“काका, वरची काच काढून ठेवा. खायला काहीच घालू नका, कणसुद्धा नाही. आणि पाणी हलवत राहा, मगानं काढायचं नि वरून ओतायचं. लाइटचा नि पॉवरहेडचा प्लग काढून टाका, व्होल्टेज चढून आलं तर जळतील.”

“आणि फिल्टर?”

“तो राहू दे. सगळे बॅक्टेरिया त्यातच आहेत ना. लाइट आल्या आल्या तो आधी सुरू झाला पाहिजे.”

आम्ही तसंच केलं. दोन प्लग काढले, तिसरा ठेवला.

सकाळी ८ : पावणेपस्तीस तास बाकी

खालच्या कपाटातल्या डब्याकडे कुणाचं लक्ष जायचं काही कारण नव्हतं. आत आठेक लिटर पाणी, त्यात कोट्यवधी जिवाणू, आणि बाहेरून एक थेंब येत नाही. असल्या बंद डब्यातला प्राणवायू ते जिवाणू स्वतःच तासा-दोन तासांत संपवतात. अमोनिया खाणारी जमात प्राणवायूवर चालणारी. ती आधी थंडावते, मग मरायला लागते. वर टँकमध्ये आम्ही पाणी ढवळत होतो, आणि ज्याला वाचवायचं होतं ते खाली झाकणाआड संपत चाललं होतं.

सकाळी ९:३० : सव्वातेहतीस तास बाकी

टँग वर आला. तोंड पृष्ठभागाशी, कल्ले भराभर उघडझाप करतायत. टँग मुळात लाटा फुटतात तिथे, प्रवाळाच्या कडेला राहणारा. प्राणवायू कमी झाल्याचं पहिलं कळतं ते त्याला. क्लाउनफिश अजून आपल्या कोपऱ्यात शांत होते.

आईनं पदर खोचला आणि स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या उचलून आणला. जुना, चिंचेनं लखलखीत घासलेला, तांब्याचा. टँकच्या काठापर्यंत हात गेला नि मला एकदम खरवडलेलं सिलिकॉन आठवलं. “आई, मोरचूद!” एवढंच तोंडातून निघालं. तिनं तांब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि प्लॅस्टिकचा मग आणायला गेली. मग काठावर हात टेकून तिनं जे पाणी उपसायला सुरुवात केली, ते फूटभर वर न्यायचं आणि बारीक धारेनं सोडायचं, ते बघण्यासारखं होतं. धार जिथे पडे तिथे बुडबुड्यांचा पांढरा झुपका खोल जायचा, आणि टँग त्या झुपक्यात येऊन उभा राहायचा.

दुपारी १२ : पावणेएकतीस तास बाकी

तोपर्यंत बातम्या गोळा झाल्या होत्या, ज्यांच्या फोनमध्ये जीव होता त्यांच्याकडून. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली, विरारच्या गाड्या बंद. नालासोपारा आणि विरारच्या मध्ये वडोदरा एक्स्प्रेस अडकली होती. प्रवाशांना एनडीआरएफच्या जवानांनी होड्या घालून काढलं. वसईच्या मिठागरात शेकडो माणसं पाण्यानं वेढलेली. वसई-विरार अंधारात. पुढे कारणं शोधायला पालिकेनं निरी आणि आयआयटी मुंबईची समिती नेमली. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना ती त्याच दुपारी ओट्यावर बसून तोंडपाठ होती: बुजवलेली बावखलं, आवळलेले ओहोळ, भराव टाकलेली मिठागरं.

रस्त्यावर गुडघाभर पाणी आणि त्यात बावखलातून निसटलेले मासे. पोरं जुन्या साड्यांची झोळी करून ते पकडत होती. कुणीतरी सांगितलं असावं. चारपाच जण तसेच निथळत आमच्या दारात आले. त्यांतल्या एकानं टँगकडे मिनिटभर बघितलं नि विचारलं, “सायकलचा पंप लावला तर?”

हा विचार आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आला नव्हता. पंपाची नळी, वॉल्व्हच्या रबराचा तुकडा आणि हवेच्या नळीच्या टोकाचा तो सच्छिद्र दगड, सगळं जोडून दहा मिनिटांत टँकमध्ये बुडबुडे सुटले. एकानं पाय रोवून पंप मारायचा, दमला की दुसरा. तासाभरात टँग खाली उतरला. पोरांनी टाळ्या पिटल्या.

ओट्यावर सल्ल्यांची कमी नव्हती. आगाशीच्या मंडपवाल्याचा जनरेटर आणावा. पण तो आणायचा रस्ता कुठला? राजोडीहून पिंप भरून समुद्राचं पाणी आणावं. ते पाणी कसलं असेल ते वर आलंच. आणि समजा स्वच्छ असतं, तरी टाकीत स्थिर ठेवलेला समुद्र तितक्याच तासांत गुदमरला असता.

हे फक्त आमच्यासारख्या हौशी लोकांच्या नशिबी येतं असंही नाही. २९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना वादळ न्यू ऑर्लीन्सवर आलं, तेव्हा तिथलं मोठं मत्स्यालय, ऑडुबॉन अ‍ॅक्वेरियम, वादळातून जवळजवळ धडधाकट बाहेर पडलं. काचा शाबूत, इमारत उभी. नंतर आणीबाणीचा जनरेटर बंद पडला आणि दहाएक हजार माशांपैकी बहुतेक मेले. मत्स्यालय पुन्हा उघडायला पुढचा मे उजाडला. बर्लिनला १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे एका हॉटेलातली दहा लाख लिटरची उभी टाकी फुटली. तीही नुकतीच दुरुस्त होऊन पुन्हा सुरू झालेली. तिच्यातले दीड हजार मासे जवळपास सगळे मेले. त्याची चित्रं जगभर दिसली. कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट ही, की तळघरातल्या छोट्या टाक्यांतले चार-पाचशे मासे स्फोटातून वाचले होते, पण वीज गेल्यानं त्यांना धावपळ करून दुसरीकडे हलवावं लागलं. आपल्याकडे मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चं. वसईतल्या कित्येकांनी समुद्राचा जिवंत मासा पोहताना पहिल्यांदा पाहिला तो तिथे, शाळेच्या सहलीत, काचेला नाक लावून. काचेपलीकडच्या भिंतीमागे अखंड काय चालू असतं, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नव्हता. मला तो त्या मंगळवारी पडला.

दुपारी ३:३० : सव्वासत्तावीस तास बाकी

फोनची रेंज गेली. पुतण्याचं शेवटचं वाक्य “मी निघतोय, मिळेल त्या गाडीनं” असं होतं. कुठून निघतोय ते कळलं नाही.

आईला एक गोष्ट काही केल्या पटत नव्हती. घरात आलेल्या जिवाला दिवसभर उपाशी ठेवायचं? ती खाण्याची डबी हातात घेऊन दोनदा टँकपाशी गेली. मासे आठवडाभर न खाता राहू शकतात, आणि टाकलेला प्रत्येक कण कुजताना प्राणवायूच खातो, हे मी तिला समजावलं. तिनं डबी ठेवली. पण रोझरीच्या वेळी माशांचंही नाव घेतलं.

रात्री ११ : पावणेवीस तास बाकी

पोरं एकेक करून घरी गेली. शेवटचा पंप मारता मारता बसल्या जागी पेंगायला लागला, त्याला त्याची आई येऊन घेऊन गेली. मेणबत्तीच्या उजेडात मी मग चालवत राहिलो. रात्रीचा हिशोब आणखी वाईट असतो. दिवसा काचेवरचं शेवाळ थोडाफार प्राणवायू सोडतं. अंधारात तेही घेणाऱ्यांच्या रांगेत बसतं.

बुधवार, ११ जुलै, पहाटे ३:४० : १५ तास बाकी

टँग गेला. दगडाच्या फटीत आडवा सापडला, रंग उतरून राखाडी झालेला. लगेच बाहेर काढला, कारण मेलेला मासा पाण्यात राहिला तर बाकीच्यांचं पाणी तोच बिघडवतो.

सकाळी ८ : पावणेअकरा तास बाकी

पाणी दुधाळ दिसायला लागलं. पण चारही मासे जिवंत होते. एक मोठा श्वास घेणारा कमी झाला होता आणि पोरं परत आली होती. पाऊस उघडीप देत होता. अंगणातलं पाणी एक पायरी उतरलं. इतक्या तासांत पहिल्यांदा मला वाटलं, निभावलं.

दुपारी १ : पावणेसहा तास बाकी

डब्याकडे पुन्हा यायला हवं. प्राणवायू संपून आता तीस तास होऊन गेले होते. मेलेल्या जिवाणूंवर दुसऱ्याच जमाती माजल्या होत्या, ज्यांना प्राणवायू लागतच नाही. आधी नायट्रेट संपवायचं, मग सल्फेट. आणि समुद्राच्या पाण्यात सल्फेट मुबलक, लिटरला पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये इतकं नसतं, म्हणून तिथला फिल्टर बंद पडला तरी गत एवढी बिघडत नाही. सल्फेट खाऊन हे जिवाणू सोडतात तो हायड्रोजन सल्फाइड. ओहोटीला खाडीच्या चिखलात पाय रुतला की जो सडक्या अंड्याचा भपकारा येतो, तो हाच वायू. माणसाला नुसता वास येतो तेवढ्या प्रमाणात तो माशाच्या पेशींचं श्वसन थांबवतो. मग पाण्यात प्राणवायू असून उपयोग नसतो.

तो डब्यात होता. झाकण घट्ट होतं. वास बाहेर येत नव्हता. प्लग भिंतीत होता.

संध्याकाळी ५ : पावणेदोन तास बाकी

डॅमसेल दगडावरून क्लाउनफिशवर धावून गेला. ही त्याची नेहमीची गुंडगिरी. एरवी आम्ही त्याला शिव्या घालायचो. त्या दिवशी पोरांनी जल्लोष केला. आईनं सगळ्यांना चहा आणि चहाबरोबर सुकेळी दिली.

संध्याकाळी ६:४५

लाइट आली.

आधी चर्चच्या बाजूनं आरोळी उठली, मग पूर्ण पाखाडीत. पंखा फिरला, फ्रिज दणकला. कपाटातून तो ओळखीचा गुरगुराट आला. “चालू झाला!” म्हणत पोरांनी सायकलचा पंप खाली ठेवला आणि आपापल्या घरी टीव्ही बघायला पळाली. परत येणाऱ्या नळीच्या तोंडातून आधी हवा निघाली, मग तपकिरी-काळ्या पाण्याची एक जाड धार. दहा-बारा सेकंदांत ती स्वच्छ झाली. मला वाटलं गाळ असेल, आता साफ होईल.

संध्याकाळी ७:१०

वास. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, “खाडीचं पाणी शिरलं काय घरात?”

गोबी वाळूतून बाहेर येऊन काचेवर आपटत होता. हा मासा वाळू सोडून कधी दोन इंच वर जात नसे.

संध्याकाळी ७:४०

डॅमसेल. तळाशी, कुशीवर. प्लग तोपर्यंत काढला होता, मग पुन्हा सुरू केला होता, सायकलच्या पंपावर मी एकटा होतो. या वेळी बुडबुड्यांत कुणी येऊन उभं राहिलं नाही.

रात्री ८:३०

क्लाउनफिश दोघं एकाच वेळी गेले असावेत. मोठी मादी पृष्ठभागावर होती. नर तिच्याखाली वीतभर अंतरावर, अजून किंचित वल्हवत असल्यासारखा, पण ते पाण्याच्या हालचालीनं होतं.

रात्री ९:१५

पुतण्या आला. भाईंदरहून कुणाच्या ट्रकमधून महामार्गानं विरार फाट्यापर्यंत, तिथून चालत. पँट कमरेपर्यंत चिखलाची. दारातच थांबला, नाक आक्रसलं आणि काही न विचारता सरळ कपाटाकडे गेला. डब्याच्या चारही कड्या काढून झाकण उचललं तेव्हा खोलीत उभं राहवेना. पांढऱ्या कड्या काळ्या झाल्या होत्या. स्पंज बोटात धरला तर शेवाळ्यासारखा बुळबुळीत.

दुसऱ्या दिवशी त्यानं बऱ्याच ठिकाणी विचारलं आणि सगळ्यांनी एकच सांगितलं. दोन तासांच्या वर लाइट गेली तर बंद डब्याचा फिल्टर आधी नळीतून तोडायचा, उघडायचा, त्यातलं पाणी फेकायचं, आतलं सामान खाऱ्या पाण्यात खळखळून घ्यायचं आणि मगच जोडायचा. नाहीतर दगड-कड्या डब्यातून काढून सरळ टँकमध्ये टाकून ठेवायच्या, तिथे निदान हलतं पाणी तरी मिळतं. जुन्या हौशींना हे माहीत असतं. टँक विकताना सोबत द्यायच्या गोष्टींत ते मोडत नाही.

गुरुवार, १२ जुलै

वीज आली तरी पाण्याचा प्रश्न राहिलाच, म्हणजे या पाण्याचा. सव्वादोनशे लिटर खारं, कुजकं पाणी टाकायचं कुठे? पुतण्यानं पहिली बादली उचलून मागच्या दाराकडे पाऊल टाकलं तशी आई आडवी आली. “वाडीत नाही.” केळीच्या मुळाशी मीठ गेलं तर बुंधा बसतो. बावखलात तर विषयच नको. हा पट्टा आधीच टँकरवाल्यांनी विहिरी उपसून उपसून खारा होत चाललेला. गोडं पाणी उपसलं की त्या जागी समुद्र जमिनीखालून सरकतो. याच नंदाखालात जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी हरित वसईच्या चळवळीत हे वर्षानुवर्षं ओरडून सांगत होते. आईनं ती भाषणं समोर बसून ऐकली होती, आणि नातवाच्या हौसेसाठी ती आपल्या विहिरीशी तडजोड करणार नव्हती.

शेवटी रस्त्यावरच्या गटाराला अजून पुराची ओढ होती, त्यात बादल्या रिकाम्या केल्या. वाळू उपसताना तळाशी काहीतरी हललं. शंखातले दोन्ही खेकडे जिवंत होते, मरगळलेले, पण चिमटा मारण्याइतके. त्यांना मिठाच्या नव्या पाण्यात बादलीत ठेवलं आणि संध्याकाळी विरारला पुतण्याच्या एका मित्राकडे पोचवलं. त्याच्याकडे इन्व्हर्टर आहे, आणि फिल्टर उघड्या टाकीचा आहे.